पुसेगावच्या कानांनी ऐकलेला ब्लूज

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातलं पुसेगाव हे माझं गाव. खरिपात सोयाबीन, तूर, कापूस. ज्याच्या विहिरीला पाणी त्याच्या रानात हळद. संध्याकाळी देवळात हरिपाठ, एकादशीच्या रात्री भजन, वर्षातून एकदा सप्ताह. संत नामदेवांची नर्सी आमच्याच भागातली, त्यामुळे टाळ हातात न घेता वाढलेलं पोर आमच्याकडे विरळा. माझा कान तिथं तयार झाला.

नोकरीनं मुंबईत आणलं. एका सहकाऱ्याच्या आग्रहावरून दक्षिण मुंबईतल्या एका छोट्या क्लबात ब्लूज ऐकायला गेलो आणि मग जातच राहिलो. पन्नास-साठ माणसं कशीबशी मावतील अशी खोली, कोपऱ्यात पियानो, ड्रम्स आणि उभा बास, मंच जेमतेम वीतभर उंच. गावाकडची शिकायला किंवा नोकरीला आलेली मुलं भेटली की विचारतात, "ते आपल्याला कळंल का?" कळेल, आणि ज्यानं रात्ररात्र भजन ऐकलंय त्याला लवकर कळेल. पुढचे बोल त्यांच्यासाठी आहेत.

१. खोली लहानच निवडा

वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ पासून महिंद्रा ब्लूज महोत्सव भरू लागला आणि पहिल्याच वर्षी ब्लूज गिटारवादक बडी गाय वाजवून गेले. असे महोत्सव जरूर बघावेत. मोठा माणूस डोळ्यांनी बघण्याला मोल आहे. पण संगीत कसं घडतं ते हजारोंच्या गर्दीत दिसत नाही. ते दहा फुटांवर बसून दिसतं. ड्रमर काठ्या खाली ठेवून तारांचे ब्रश उचलतो आणि स्नेअर नावाच्या ड्रमच्या कातड्यावर ते गोल फिरवतो, तो घासल्याचा आवाज मोठ्या स्पीकरमध्ये विरून जातो. सॅक्सोफोन वाजवणारा सूर लावण्याआधी श्वास घेतो, तो श्वास ऐकू येतो. बासची जाड तार बोटानं सोडल्यावर लाकूड थरथरतं ते खुर्चीच्या पायांतून जाणवतं.

ब्लूज वाढला तोही अशाच जागांत. मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यात शनिवारी रात्री मजूर जमायचे ती ज्यूक जॉइंट नावाची ठिकाणं म्हणजे फळ्या ठोकून उभ्या केलेल्या खोल्या. तिथं गाणारा आणि ऐकणारा यांच्यात अंतर ठेवायला जागाच नव्हती.

२. बारा बार बोटांवर मोजा

ज्याला तालाचं आवर्तन कळतं त्याला ब्लूजचा सांगाडा एका बैठकीत पकडता येतो. वादक ज्याला बार म्हणतात तो चार मात्रांचा एक खंड. असे बारा बार मिळून ४८ मात्रांचं एक आवर्तन, आणि ते पुन्हा पुन्हा फिरतं. पहिले चार बार षड्जावर उभारलेल्या स्वरमेळात. पाचवा-सहावा मध्यमावर. सातवा-आठवा परत षड्जावर. नववा पंचमावर, दहावा मध्यमावर, आणि शेवटचे दोन पुन्हा षड्जाकडे आणून पुढच्या आवर्तनाचं दार उघडणारे. याचे पोटप्रकार पुष्कळ आहेत, पण सुरुवातीला एवढं पुरतं.

पहिल्यांदा अंगठ्यानं पेरं मोजत बसा. तीन-चार आवर्तनं गेली की मोजणं आपोआप सुटतं आणि पाचव्या बारला मध्यम आला की पोटात बरोबर कळतं. मग गिटारवाला त्या चौकटीच्या आत किती मोकळा फिरतोय, कुठं मुद्दाम उशिरा उतरतोय, हे दिसायला लागतं. चौकट माहीत नसेल तर तो मोकळेपणा नुसता गोंधळ वाटतो.

आणखी एक खूण. ब्लूजचा गंधार कोमलही नाही आणि शुद्धही नाही, त्या दोहोंच्या मधला. गिटारवर तो तार ओढून काढतात. कोमल गंधारावरून तार वर खेचायची आणि शुद्धाच्या अलीकडेच थांबायचं. पियानोला पट्ट्या ठरलेल्या, तिथं हा सूर मिळतच नाही, म्हणून पियानोवाला दोन शेजारच्या पट्ट्या घसटून वाजवतो आणि त्याचा भास निर्माण करतो. मींड ऐकून वाढलेल्या माणसाला हा सूर बेसूर वाटणार नाही. तो ओळखीचा वाटेल.

३. पहिली ओळ दोनदा का, ते समजून घ्या

ब्लूजचं कडवं बहुधा तीन ओळींचं असतं. पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि मग तिसरी, जिच्यात पहिलीचं उत्तर असतं. प्रत्येक ओळीनंतर गायक गप्प बसतो आणि ती रिकामी जागा गिटार किंवा माउथ ऑर्गन भरतो. एकानं म्हणायचं आणि दुसऱ्यानं उत्तर द्यायचं ही रीत शेतातून आली. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या आणि विकलेल्या माणसांनी कापसाच्या रानात काम करताना एकमेकांना दिलेल्या हाका, त्यांची कामाची गाणी, चर्चमधली भजनं, या सगळ्यांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्लूज आकाराला आला.

अमेरिकेत गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्यानं संपली. जमीन मात्र मालकांकडेच राहिली. मग आली बटई. मालक बियाणं देणार, औत देणार, वर्षभराचा किराणा उधारीवर देणार, आणि कापूस निघाला की हिशेब करणार. त्या हिशेबात राबणाऱ्याच्या हातात बहुतेकदा काहीच उरायचं नाही, उलट पुढच्या वर्षावर कर्ज चढायचं. आमच्या भागात हा हिशेब कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तरी दोन्ही दुःखांना एकाच मापानं मोजू नये असं मला प्रामाणिकपणे वाटतं. तिकडे उधारीच्या वहीमागे वर्णद्वेषाचे कायदे होते आणि झाडाला फास लावणारे गोरे जमाव होते. ते गाणं ऐकताना हे विसरून चालत नाही.

मडी वॉटर्स हे नाव लक्षात ठेवा. मिसिसिपीतल्या स्टोव्हल मळ्यावर ते ट्रॅक्टर चालवायचे. १९४१ मध्ये अॅलन लोमॅक्स हे लोकगीतांचे संग्राहक अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयासाठी ध्वनिमुद्रण करत तिथं पोचले आणि मडींचं गाणं टिपून घेतलं. आपलाच आवाज तबकडीवर ऐकल्यावर मडींना आपण गवई म्हणून उभे राहू शकतो याची खात्री पटली. १९४३ मध्ये ते गाडीत बसून शिकागोला गेले. तिथल्या गुत्त्यांत एवढा गलका असायचा की साधी गिटार ऐकूच जाईना, म्हणून विजेवरची गिटार हातात आली. शिकागो ब्लूज म्हणून जो खणखणीत आवाज जगभर गेला, त्याच्या मुळाशी गाव सोडून कारखान्याच्या शहरात आलेली माणसं आहेत. हिंगोलीहून पुण्या-मुंबईला आलेल्या मुलांनी हा ब्लूज त्या नजरेनं ऐकून बघावा.

४. टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर

आपला हात समेवर पडतो, ती आपली शिस्त. ब्लूजमध्ये, आणि याच क्लबांत वाजणाऱ्या जॅझमध्येही, चार मात्रांपैकी दुसरीवर आणि चौथीवर जोर असतो. ड्रमरचा स्नेअर किंवा पायाखालची झांज तिथं वाजते. पहिलीवर टाळी देत राहिलात तर समोरच्या वादकाला ओढल्यासारखं होतं. पहिल्या मात्रेला पाय आणि दुसरीला हात, असं घरी करून बघा, लगेच जमतं.

५. मागच्या माणसाकडे बघा

माझे चुलते, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणतं, उभा जन्म पखवाज वाजवत आले. डोळ्यांच्या उपचारासाठी ते मुंबईला आले होते तेव्हा एका संध्याकाळी मी त्यांना क्लबात घेऊन गेलो. धोतर, टोपी, खांद्यावर उपरणं. दारावरच्या मुलानं आदरानं पुढच्या टेबलावर बसवलं. लिंबू सरबत आलं. चौघांचा संच होता: पियानो, सॅक्सोफोन, बास आणि ड्रम्स. सगळी खोली सॅक्सोफोन वाजवणाऱ्याकडे बघत होती. तात्यांची नजर बासवाल्यावरून हलली नाही. अर्ध्या तासानं माझ्याकडे झुकून म्हणाले, "त्या मागल्या माणसानं समदं धरून ठेवलंय बघ. त्यो सुटला की हे समदे सांडतेत."

जॅझबद्दल इतकं नेमकं मी फार कमी वाचलं आहे. बास प्रत्येक मात्रेला एक सूर देत चालतो. त्याच्या चालण्यानं लय कळते आणि कोणता स्वरमेळ चालू आहे हेही कळतं. पुढचा वादक कितीही लांब गेला तरी त्याला परत यायला वाट असते ती बासमुळे. भजनात पखवाज हेच काम करतो, म्हणून तात्यांना ते लगेच दिसलं.

मध्यंतरात बासवाला तरुण स्वतःहून आमच्या टेबलाशी आला. तात्यांनी त्याला पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक का लावतात ते सांगितलं: आवाज खाली उतरतो, घुमतो, आणि पीठ किती लावायचं हे हाताला कळतं. मी मध्ये बसून हिंदी करत होतो, पण थोड्या वेळानं त्याची गरज उरली नाही. तात्या टेबलावर भजनी ठेका वाजवत होते आणि तो पोरगा मान हलवत बोटांनी त्याच्यावर बासची चाल बसवत होता. वादकांशी बोलायला संकोच करू नका, एवढंच मला यातून सांगायचं आहे. छोट्या क्लबात वादक मध्यंतराला पडद्याआड जात नाहीत, तुमच्या शेजारीच पाणी पीत उभे असतात. कौतुक करण्यापेक्षा प्रश्न विचारा, त्यांना ते जास्त आवडतं.

६. खुणा वाचायला शिका

जॅझच्या बैठकीत आधी ठरलेलं थोडंच असतं. सुरुवातीला सगळे मिळून मुखडा वाजवतात, मग एकेक जण त्याच स्वरमेळांच्या चौकटीवर आपला विस्तार करतो, शेवटी पुन्हा मुखडा. कोणी किती वेळ घ्यायचा हे तिथल्या तिथं ठरतं, तेही नजरेनं. एखाद्यानं स्वतःच्या डोक्यावर बोट टेकवलं तर समजा मुखड्याकडे परतायचं. चार बोटं दाखवली तर चार-चार बारांचे सवाल-जवाब: चार बार सॅक्सोफोन, चार बार ड्रम्स, असं आलटून पालटून. एकाचा विस्तार संपला की तिथंच टाळ्या द्यायच्या, रचना संपेपर्यंत थांबायचं नाही.

७. बासच्या विस्ताराला बोलू नका

बास एकटा वाजायला लागला की आवाज खाली येतो आणि टेबलांवर गप्पा सुरू होतात. मला याचा मनापासून संताप येतो. औंढ्या नागनाथाच्या देवळानं नामदेवांच्या कीर्तनाकडे तोंड फिरवलं ही आख्यायिका आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ऐकणाऱ्यानं गाणाऱ्याकडे तोंड करून बसावं हा त्यातला माझ्यापुरता अर्थ. फोन खिशात ठेवा. चित्रीकरण करायचंच असेल तर एका रचनेचं करा, दिवा न लावता.

८. हे संगीत मुंबईत पाहुणं नाही

कुणी म्हणेल, ही परक्यांची हौस. इतिहास तसं सांगत नाही. १९३५ मध्ये व्हायोलिनवादक लिऑन अॅबी आपला कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले. त्यांच्यामागून क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. त्यांच्या बरोबर आणि त्यांच्याकडून शिकून गोव्याचे वादक तयार झाले. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन वाचायला शिकवत. त्या शिदोरीवर ही मुलं मुंबईला आली. हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ हे 'चिक चॉकलेट' या नावानं ट्रम्पेटवर गाजले, इतके की लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले.

पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, रात्रीच्या जागांवर मर्यादा आल्या, आणि यातल्या बऱ्याच वादकांचं पोट चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणावर चालू लागलं. इथं आपला माणूस भेटतो. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. त्यांनी चिक चॉकलेटना जवळ केलं आणि १९५१ च्या 'अलबेला'मध्ये तो ट्रम्पेट घराघरांत पोचवला. आपल्या आईवडिलांनी रेडिओवर ज्या चालींवर मान डोलावली त्यांत जॅझ होता, नाव माहीत नव्हतं इतकंच. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनचे गुरू, आर. डी. बर्मन आणि प्यारेलाल त्यांच्याकडे शिकले. प्यारेलालांनी १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यात आपल्या गुरूचं नाव अजरामर केलं.

चर्चगेटजवळच्या रस्त्यावर, ज्याला आता वीर नरिमन रोड म्हणतात, साठच्या दशकात एकामागून एक रेस्तराँत रोज रात्री वाद्यवृंद वाजायचे. अॅस्टोरिया हॉटेलच्या व्हेनिसमध्ये ख्रिस पेरी यांचा ट्रम्पेट आणि लॉर्ना यांचा आवाज ऐकायला गर्दी व्हायची. १९५८ मध्ये अमेरिकन जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेक मुंबईत आले तेव्हा सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर वाजवायला बसले. १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांनी धोबीतलावाच्या रंगभवनात जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू केला. पहिल्याच यात्रेत सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स वाजवून गेले. ही सगळी नावं मी मुद्दाम सांगतो आहे. दारातून आत शिरताना आपण कुणाच्या तरी घरात आगंतुक शिरतोय असं वाटू नये म्हणून.

९. दारावरचे पैसे आनंदानं द्या

प्रवेशाचे पैसे लागतात ते बहुतेक वेळा वादकांच्या बिदागीसाठी. वशिल्यानं फुकट शिरू नका. दारू घ्यायलाच हवी असं कुठंही नसतं. मी लिंबू सरबत किंवा कॉफी घेतो आणि कुणी भुवई उंचावत नाही. पण काहीतरी मागवा, कारण जागेचं भाडं त्यातूनच निघतं. जेवून जा, तिथलं खाणं महाग असतं. परतीच्या शेवटच्या लोकलची वेळ आधी बघून ठेवा.

१०. दुसऱ्या सत्राला थांबा

पहिल्या सत्रात वादक खोलीचा अंदाज घेत असतात. मध्यंतरानंतर फोटोपुरते आलेले लोक निघून जातात, खोली निवते, आणि वादक एकमेकांसाठी वाजवायला लागतात. कधी प्रेक्षकांत बसलेला एखादा वादक उठून त्यांच्यात सामील होतो. हरिपाठ संपल्यावर मागे उरलेल्या आठ-दहा जणांचं जे भजन रंगतं ते ज्यानं ऐकलंय, त्याला दुसरं सत्र म्हणजे काय ते सांगायला नको.

११. या जागा टिकत नाहीत

लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारातला ब्लू फ्रॉग २००७ मध्ये सुरू झाला आणि २०१६ मध्ये बंद पडला. शांतता क्षेत्राच्या नियमांत रंगभवनातलं संगीत थांबलं. चर्चगेटच्या रस्त्यावरचे वाद्यवृंद तर कधीच गेले. मुंबईत जागेचं भाडं चढत जातं; ज्या खोलीत साठ माणसं बसतात तिथं साठच माणसांचे पैसे येतात, आणि त्यातून चार वादक, ध्वनिसंयोजक, स्वयंपाकघर आणि घरमालक यांचं भागवायचं असतं. गुरुवारी वीस खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर पुढच्या महिन्यात तो वार कार्यक्रमातून गळतो. आमच्या गावातला हरिपाठ इतकी वर्षं चालला तो पाऊस असो, सुगी असो, माणसं रोज येऊन बसली म्हणून.

तेव्हा हिंगोली, परभणी, नांदेडकडून मुंबई-पुण्यात आलेल्या माझ्या धाकट्या भावंडांनो, एकदा जा. ३० एप्रिल हा युनेस्कोनं जाहीर केलेला आंतरराष्ट्रीय जॅझ दिन. त्या सुमाराला दोन्ही शहरांत कार्यक्रम असतात. लवकर पोचा, बासवाल्याचे हात दिसतील अशी खुर्ची धरा आणि गावाकडून कुणी आलं असेल तर त्यालाही बरोबर न्या.